आकड्याला टोचलेली बिलं

(निपाणी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रणपत्रिका छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी एका स्नेह्याचा फोन आला. म्हणाले, “लाईट बिलावर व्याख्यान? मागल्या वर्षी ज्ञानेश्वरीवर होतं की!” मी म्हटलं, ज्ञानेश्वरी घरोघर असते, पण ती रोज उघडली जातेच असं नाही. लाईट बिल दर महिन्याला घरी येतं आणि तेही कुणी उघडून वाचत नाही. मग दोन्हींवर व्याख्यान व्हायला हरकत काय?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींचं नाव पत्रिकेवर आहेच. मी त्यांचा गणितातला कच्चा विद्यार्थी. त्यांच्या घरी शिकवणीला जायचो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे एक जाड तारेचा आकडा लटकलेला दिसायचा. त्याला बिलं टोचलेली असत. सर्वांत खाली पिवळी पडलेली, वर ताजी. बिल भरून आलं की गुरुजी आधी मागच्या महिन्याचं बिल बघत, पाठीमागे पेन्सिलीनं वजाबाकी करत आणि मगच नवं बिल टोचत. मराठीत ‘आकडा’ शब्दाला दोन अर्थ आहेत, संख्या आणि हूक. त्या दाराआड दोन्ही एकाच जागी होते. विजेच्या तारेवर रात्री टाकतात तो तिसरा आकडाही आपल्याला ठाऊक आहे, पण आज तो विषय नको.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. विजेचा भाव ठरतो कसा आणि आपल्या बिलात उतरतो कसा, हे बघायची मुभा कायद्यानं आपल्याला दिली आहे. आपण बघत नाही. बिल फुगलं की ओरडतो, शून्य आलं की विसरतो.

निपाणीत उभं राहून भावाबद्दल बोलायचं तर १९८१ आठवल्यावाचून राहत नाही. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी इथल्याच महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. त्याच सुमाराला प्रा. सुभाष जोशी वखारीत राबणाऱ्या बायांची संघटना बांधत होते. त्या बायांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या चित्रपट करणाऱ्या गटाच्या मैत्रिणींनी ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपटही केला. दोन्ही लढ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच होता, भाव कोण ठरवतो आणि कशावरून? जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, त्यालाच भाव दिसत नसे. रुमाल काढा, एवढंच मागणं होतं.

विजेच्या बाबतीत हा रुमाल निदान कागदोपत्री काढलेला आहे. तो कसा, ते पाहू.

आपण अजूनही म्हणतो, “केईबीचा माणूस बिल मारायला आला.” कर्नाटक वीज मंडळ, म्हणजे ती केईबी, १९९९ साली संपली. तिच्या जागी पारेषण निगम आला. २००२ मध्ये वाटपाच्या कंपन्या वेगळ्या झाल्या आणि बेळगाव जिल्हा हुबळीच्या कंपनीकडे, हेस्कॉमकडे गेला. दर ठरवण्याचं काम मात्र कंपनीकडे नाही आणि कायद्यानं सरकारकडेही नाही. ते कर्नाटक वीज नियामक आयोगाकडे आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६४ असं सांगतं की कंपनीनं दरवाढ मागितली तर अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना आणि हरकती ऐकायच्या आणि मगच आदेश काढायचा. कलम ६२ म्हणतं, एका आर्थिक वर्षात दर साधारणपणे एकदाच बदलायचा. अपवाद इंधनाच्या आकाराचा. कोळसा महागला, बाहेरून घेतलेली वीज महाग पडली, की तो फरक बिलावर वेगळा लावता येतो. केंद्रानं २०२२ च्या डिसेंबरात नियम बदलले, तेव्हापासून हा फरक दर महिन्याला आपोआप लावायची वाट मोकळी झाली. “आम्ही तेवढीच वीज जाळली आणि बिल वेगळं कसं?” या प्रश्नाचं निम्मं उत्तर इंधनाच्या आकाराच्या त्या एका ओळीत असतं.

आता २०२३ चा उन्हाळा आठवा. त्या वर्षी ११ जानेवारीला काँग्रेसची प्रजाध्वनी यात्रा बेळगावातून निघाली आणि आपल्या शेजारच्या चिकोडीच्या सभेत दोनशे युनिट मोफत विजेची घोषणा झाली. म्हणजे राज्यभर गाजलेली ही गृहज्योती योजना आपल्याच मातीत जन्मली. मे महिन्यात निवडणूक झाली. १३ तारखेला निकाल लागला. त्याच्या आदल्या दिवशी, १२ मे रोजी, आयोगानं दरवाढीचा आदेश काढला होता. युनिटमागे सरासरी ७० पैसे, आणि लागू १ एप्रिलपासून, म्हणजे मागच्या तारखेनं. निकालाच्या गुलालात तो आदेश कुणी वाचलाच नाही. जूनमध्ये बिलं आली. त्यांत नवा दर होता, एप्रिलचा फरक होता, इंधनाचा आकार होता आणि एक टप्पा बदलला होता, जो बहुतेकांच्या ध्यानातही आला नाही.

तो टप्पा समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. तेव्हा शंभर युनिटपर्यंत दर होता ४ रुपये ७५ पैसे. शंभराच्या वर गेलात की ७ रुपये, आणि तेही वरच्या युनिटांना नाही, पहिल्यापासून सगळ्या युनिटांना. शंभर युनिट जाळणाऱ्याचा वीज आकार ४७५ रुपये, एकशे एक जाळणाऱ्याचा ७०७. एका युनिटाला २३२ रुपये! लोकांना वाटलं मीटर पळतोय. मीटर बिचारा जागेवरच होता, जिन्याची एक पायरी फार उंच बांधली होती.

ओरड झाली, आणि मोठी झाली. २२ जूनला हुबळीच्या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेनं बंदची हाक दिली. कोप्पळकडे नव्वदीच्या एका आजींना, एका खोलीच्या घराला, लाखावर बिल आलं. ते चुकीचं असल्याचं मंत्र्यांना सांगावं लागलं. “सरकार फुकट देणार म्हणालं आणि दुप्पट बिल पाठवलं,” असं आपल्याकडच्या कट्ट्यांवर ऐकू येत होतं. दोन वेगळ्या गोष्टींची तिथं गाठ पडली होती. दर आयोगानं वाढवला होता, सवलत सरकार देणार होतं आणि ती जुलैच्या वापरापासून सुरू व्हायची होती. पण हे समजावून सांगणारं बिलावर काहीच नव्हतं.

ऑगस्टपासून शून्य बिलं यायला लागली आणि ओरड थांबली. तिथंच मला खरी काळजी वाटते. शून्य बिल कुणी वाचत नाही.

गृहज्योती दोनशे युनिटची, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. २०२२-२३ या वर्षात तुमच्या घराचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता, त्यावर दहा टक्के, ही तुमची मोफत मर्यादा. ज्या घरात सरासरी साठ युनिट जळत, त्यांची मर्यादा सहासष्ट. वरचं जळलं त्याचे पैसे. अगदी कमी वापराच्या, अठ्ठेचाळीस युनिटांच्या आतल्या घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून द्यायचं २०२४ च्या जानेवारीत ठरलं, कारण दहा टक्के म्हणजे तिथं फारच थोडी युनिटं होत होती. विचार करा, विडीच्या सुपापुढं बसणाऱ्या ज्या बाईनं त्या वर्षी काटकसर केली, संध्याकाळी एकाच दिव्याखाली पानं कातरली, तिची मर्यादा कायमची लहान ठरली. शेजारच्या घरात पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर निवांत चालली, त्यांची मोठी ठरली. काटकसरीला इतकी उलटी शिक्षा गुरुजींच्या गणितात नव्हती.

आणि दोनशेच्या वर गेलात तर? तर सवलत नाही, पूर्ण बिल. २०२५-२६ चा दर घेऊन हिशेब करू. दोनशे एक युनिट, दर ५ रुपये ८० पैसे, म्हणजे १,१६५ रुपये ८० पैसे. स्थिर आकार किलोवॅटला १४५, दोन किलोवॅटचे २९०. वीज आकारावर नऊ टक्के कर, सुमारे १०५. आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे आत्ताच येतो, तिचे ७२. बेरीज साधारण १,६३० रुपये, इंधनाचा फरक वेगळा. एकशे अठ्ठ्याण्णव युनिटांची मर्यादा असलेल्या घराला गेल्या महिन्यात शून्य, या महिन्यात सोळाशे. दोनशेपर्यंत करंट सौम्य, दोनशे एकाला झटका.

म्हणून बिलावरच्या दोन तारखा आधी बघा, मागच्या रीडिंगची आणि आताची. रीडर सुटीमुळे चार दिवस उशिरा आला तर ते चौतीस दिवसांचं बिल असतं. दोनशेची रेषा तुम्ही ओलांडली की कॅलेंडरनं ओलांडली, हे त्या दोन तारखांवरूनच कळतं. तसं झालं असेल तर लगेच लेखी विचारा.

आता ती राहिलेली ओळ. १ एप्रिल २०२५ पासून युनिटमागे ३६ पैसे अधिभार लागला. त्यापुढच्या दोन वर्षांसाठी तो ३५ आणि ३४ पैसे ठरवला गेला. कशाचा? वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा आणि उपदानाचा. जुनं मंडळ मोडून कंपन्या केल्या तेव्हा या जबाबदारीतला एक वाटा सरकारनं उचलायचा होता, तो आता ग्राहकाच्या बिलातून वसूल होतो. तेव्हा केईबी संपली म्हणून मी मघाशी सांगितलं, ते मागे घेतो. ती तुमच्या बिलात दर युनिटमागे या पैशांनी हजर आहे. लोकांची जीभ चुकत नाही!

त्याच सुमाराला युनिटचा दर १० पैशांनी कमी झाला आणि स्थिर आकार किलोवॅटला १२० वरून १४५ झाला. मथळा ‘दरात कपात’ असाही लिहिता येतो आणि ‘दरात वाढ’ असाही. कमी वीज वापरणाऱ्याला स्थिर आकार जास्त बोचतो, कारण दिवा लावा न लावा, तो द्यावाच लागतो. त्याच्या वर्षभर आधी, २०२४ मध्ये, शंभर युनिटांची ती उंच पायरी मात्र काढली होती आणि सगळ्यांना सरसकट ५ रुपये ९० पैसे केले होते. ओरडण्याचा उपयोग होत नाही असं नाही. पण हरकत नोंदवली तर तो ओरडा कागदावर उतरतो.

आपण सीमेवर राहतो, म्हणून तुलना फुकट मिळते. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातलं कागल. आत्या तिकडे, भाची इकडे. तिकडच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ असे शब्द मराठीत छापलेले. दराचे टप्पे असे की वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो, पहिली शंभर युनिटं स्वस्तच राहतात. पण वहन आकार वेगळा आणि वीज शुल्क आपल्यापेक्षा जड. आत्याला वाटतं कर्नाटकात फुकट आहे, भाचीला वाटतं महाराष्ट्रात निदान बिल वाचता येतं. दोघींना आपापली कंपनी निवडता येत नाही. ब्रिटनमध्ये ती निवडता येते. तिथं गेलेली आपली मुलं सांगतात की पुरवठादार बदलता येतो, नियामकानं २०१९ पासून दराला कमाल मर्यादाही घातली आहे. तरी २०२१-२२ च्या महागाईत तिथले कितीतरी पुरवठादार बुडाले आणि घरोघरची बिलं दुप्पट झाली. निवड हा एक आधार झाला. हिशेब समजणं हा दुसरा, आणि आपल्या हातात आज तेवढा दुसराच आहे.

भाषेचा प्रश्न मी टाळणार नाही. आपलं बिल कन्नडात येतं, आणि मराठीत कागद मिळावेत ही मागणी इथं १९५६ पासूनची आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात आहे. ती मागणी रास्त आहे, ती चालू ठेवावी. पण तोवर बिल न वाचता ठेवायचं का? एकदा शेजारच्या कन्नड कुटुंबातल्या मुलीकडून मी माझं बिल वाचून घेतलं. ती वाचत गेली, ‘बाकी’, ‘सरासरी’. मी हसलो. हे तर आमच्या दप्तरातले शब्द! पेशवाईच्या, मोडीच्या, सावकाराच्या वहीतले शब्द दोन्ही भाषा एकत्र वापरत आल्या आहेत. उरले ‘ओट्टु’ म्हणजे एकूण आणि ‘तेरिगे’ म्हणजे कर. दोन शब्द शिकायला किती वेळ लागतो? मुलीला मी ‘रसीद’ म्हणजे काय ते सांगायला गेलो, तर ती म्हणाली, “रसीदी ना? आमच्यात पण तेच म्हणतात की.”

आणि तक्रार? ती मराठीत लिहा. राज्यघटनेचं कलम ३५० प्रत्येक माणसाला असा हक्क देतं की आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज त्यानं कुठल्याही अधिकाऱ्याला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यावा. बेळगावात, निपाणीत मराठी वापरली जाते, हे सिद्ध करायला साक्षीदार लागणार नाही.

आता एक घरचा अनुभव. नोकरीनिमित्त मी परगावी होतो. तिथल्या वीज कार्यालयाचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. चार महिने घर बंद दाखवून सरासरी बिल आलं आणि पाचव्या महिन्यात सगळी युनिटं एकदम लावली. साहजिकच सगळी वरच्या दरात गेली. मी खिडकीवर गेलो. कारकून म्हणाला, “साहेब, कॉम्प्युटरनं काढलंय.” या वाक्यापुढं आपण हात टेकतो. पण गुरुजींची सवय म्हणून माझ्याकडेही एक आकडा होता. मी पाच बिलं काढून समोर ठेवली आणि म्हटलं, “युनिट पाच महिन्यांचं आहे, तर पाच महिन्यांत वाटून दर लावा.” त्यानं बिलं चाळली, साहेबांकडे गेला आणि अर्ध्या तासानं दुरुस्त बिल घेऊन आला. त्यानं माझ्यावर उपकार केले नाहीत, मीही त्याच्याशी भांडलो नाही. हातात कागद होता म्हणून त्यालाही फाईल उघडायला कारण मिळालं.

या खिडकीपलीकडेही वाट आहे, ती थोडक्यात सांगतो. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका वर्षात दोनहून जास्त अंदाजी बिलं काढता येत नाहीत. मीटर घरात असेल आणि रीडरला लागोपाठ दोनदा मिळाला नाही, तर मीटरचा तारखेसह फोटो आपण पाठवू शकतो. थकबाकीसाठी जोडणी तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, कलम ५६. त्याच कलमात एक मोलाची सोय आहे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा, वाद मिटेपर्यंत लाईट कापता येत नाही. ‘निषेधासह’ हा शब्द अर्जात लिहायला विसरू नका. सुरक्षा ठेवीवर कलम ४७ प्रमाणे व्याज मिळतं. ते जमा झालं का, हे वर्षातून एकदा बघा. आधी १९१२ वर फोन करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, मग उपविभागात लेखी द्या, नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढं वीज लोकपाल. या वाटेवर पहिल्या पायरीला वकील लागत नाही. जुनी बिलं लागतात.

पण हे सगळं बिल आल्यानंतरचं. भाव ठरतो त्या खोलीत काय करायचं? इथून तासाभरावर इचलकरंजी आहे. तिथले प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षं तिकडच्या आयोगापुढं आकडे घेऊन उभी राहते. यंत्रमागवाल्याच्या गावातून हे उभं राहिलं. पुण्यात ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या कराराचा हिशेब मांडला. वीज महाग पडेल आणि बोजा महाराष्ट्राच्या वीज मंडळावर येईल, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. २००१ साली तो प्रकल्प बंद पडला. घोषणा देणारे पुष्कळ होते, हिशेब मांडणारे मूठभर होते, आणि आज वाचावासा वाटतो तो हिशेब.

आपल्याकडे बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूरच्या घरांतून माग चालतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी पंपांवर ऊस उभा आहे. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, घराला गृहज्योती आहे. कलम ६५ म्हणतं, सरकारनं सवलत जाहीर केली तर तिची रक्कम सरकारनं कंपनीला आगाऊ द्यायची. म्हणजे शून्य बिल शून्याचं नसतं. त्याचे पैसे कुणीतरी देतो, आणि उशिरा दिले तर ते फिरून दुसऱ्या ओळीत आपल्याच बिलावर येतात. सवलत घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः घेतो. घेतलेल्या पैशाची पावती मात्र वाचावी, एवढीच सावकाराच्या वहीची शिकवण.

ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या वाचनालयाला माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी इथल्या टेबलाशी दोन माणसं बसवा, एक मराठी आणि एक कन्नड जाणणारा. ज्याला वाटेल त्यानं बिल घेऊन यावं, वाचून घ्यावं, नीट असेल तर निवांत जावं. वर्षभरात शंभर घरांची बिलं डोळ्यांखालून गेली की पुढच्या दरवाढीच्या अर्जावर निपाणीतून एक हरकत जाईल. तीत घोषणा नको, शंभर घरांचे आकडे हवेत. १९८१ ला रुमाल काढा म्हणून लोक रस्त्यावर बसले. इथं रुमाल काढलेलाच आहे, बघायला कुणीतरी खुर्चीवर जाऊन बसायला हवं.

गुरुजी गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. दारामागचा आकडा तसाच होता. सर्वांत वरचं बिल भरलेलं, पाठीमागे पेन्सिलीची वजाबाकी, खाली दोन रेघा. उत्तर बिलाशी जुळत होतं. जुळतंय हे माहीत असूनही त्यांनी ती वजाबाकी केली होती.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे शून्याचं बिल येईल. तेही टोचून ठेवा.